ब्रेक आणि क्लच ऑइल घरच्या घरी बदलताना: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवली की पाच मिनिटांत दोन जण येऊन उभे राहतात. "काय बिघडलं?" हा पहिला प्रश्न आणि "गॅरेजला का नाही देत?" हा दुसरा. त्यानंतरचे प्रश्न मात्र कामाचे असतात. इंदिरानगरच्या आमच्या पार्किंगमध्ये, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला जे विचारलं गेलं, ते इथे एका जागी लिहून ठेवतोय. मी मेकॅनिक नाही. स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणारा, आणि त्यात एकदा सणसणीत फजिती झालेला माणूस आहे. ती फजितीही खाली येईलच.

ब्रेक ऑइल आणि ब्रेक फ्लुइड, दोन्ही एकच ना?

वस्तू एकच. पण "ऑइल" हे नाव फार घात करतं. बाटलीतलं द्रव्य तेल नसतं, ते ग्लायकॉल इथर जातीचं रसायन असतं. ब्रेकमधले रबराचे वायसर आणि सील याच रसायनात टिकतील अशा रबराचे असतात. तिथे इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल थोडं जरी गेलं, तरी ते रबर फुगून मऊ पडतं. मग ब्रेक अडकून बसतो किंवा लागतच नाही, आणि मास्टर सिलेंडरपासून (पेडलच्या जोराने फ्लुइडवर दाब आणणारा पंप) चारही चाकांपर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं. म्हणून बॉनेटखालची ब्रेक फ्लुइडची टाकी "थोडी कमी दिसली" म्हणून हाताला लागेल ते तेल कुणी ओतत असेल, तर त्याचा हात तिथेच धरा. चुकून ओतलं गेलंच, तर पेडलला पाय लावू नका आणि गाडी टो करूनच हलवा.

टाकी भरलेली आहे, कुठे गळत नाही. मग बदलायचं कशाला?

पाण्यामुळे. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. बरणीचं झाकण सैल राहिलं की मीठ पाझरतं ना, तसंच, फक्त फार सावकाश. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून महिन्यामागून महिने ओलावा आत जात राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते हे सांगायला नको, आणि इगतपुरी-त्र्यंबककडे रोज जाणाऱ्यांना तर मुळीच नको.

आता आकडे बघा. डॉट ३, डॉट ४ या फ्लुइडच्या प्रती आहेत. नवं कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच किमान मर्यादा डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ अंशांवर येते. म्हणजे साध्या पाण्याच्या शंभर अंशांच्या वर जी जादा क्षमता होती, तिचा निम्म्याहून जास्त भाग त्या जेमतेम पावणेचार टक्के पाण्याने खाल्ला.

सप्तशृंगी गडावरून उतरताना याचा हिशेब होतो. गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पायऱ्या वाचल्या. पण नांदुरीपर्यंतचा घाट आपल्यालाच आपल्या ब्रेकवर उतरायचा असतो. गाडीत पाच माणसं, डिकीत प्रसाद आणि सामान, पुढे कुथत उतरणारी बस आणि आपला पाय सतत पेडलवर. डिस्क तापते, तिची उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) आणि तिथून फ्लुइडमध्ये जाते. पाणी मिसळलेलं फ्लुइड उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता, ते बुडबुडे दबतात, पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी आपल्या वेगात चालत राहते.

यातली सर्वात फसवी गोष्ट म्हणजे, बाजूला थांबून अर्धा तास चहा पिऊन आलात की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल पूर्ववत लागतं. गॅरेजमध्ये गाडी दाखवली तर "काही नाही, ठीक आहे" असंच उत्तर मिळतं.

मी घाटात जातच नाही. सातपूर ते कॉलेज रोड, एवढंच.

मग उकळण्याची भीती कमी. पण पाणी आतून गंजही आणतं: कॅलिपरचे पिस्टन, मास्टर सिलेंडरची आतली भिंत, एबीएसचे (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बारीक व्हॉल्व. बदलायचं तेवढ्याच काळाने.

घाटात ब्रेक लागेनासा झाला, तर दोष फ्लुइडचा की पॅडचा?

पेडलच सांगतं. पेडल कडक आहे, पाय जोर लावतोय पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापून निकामी झालेत. पेडल मऊ पडून खाली जातंय, तर फ्लुइड उकळलंय. दुसऱ्या प्रकारात पेडल पटापट पंप केल्याने थोडा दाब येऊ शकतो. गिअर एकेक करून खाली आणा आणि हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा. खरा उपाय त्याच्या आधीचा: ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. समृद्धीच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता येतो हे खरं, पण घाट उतरायची सवय मोडू देऊ नका.

किती दिवसांनी बदलायचं? रंग काळा झाला की?

बहुतेक कंपन्या दोन वर्षं किंवा ठरावीक किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते, असं मॅन्युअलमध्ये लिहितात. गाडी कमी चालते म्हणून वर्षं वाढवू नका. ओलावा किलोमीटर मोजत नाही.

रंगावर विसंबू नका. काळसर रंग रबराच्या झिजेने आणि उष्णतेनेही येतो, आणि पाणी भरलेलं फ्लुइडसुद्धा कधी कधी स्वच्छ दिसतं. पेनासारखा दिवे लागणारा टेस्टर मिळतो. तो टाकीतल्या फ्लुइडचा अंदाज देतो, पण खरी कसोटी असते ती खाली तापणाऱ्या कॅलिपरमधल्या फ्लुइडची. मी बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकरवर लिहून ठेवतो. टेस्टरच्या भानगडीत पडत नाही.

डॉट ३, डॉट ४, ५.१, ५... कोणतं घ्यायचं?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घ्या. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच कुळातली आहेत. झाकणावर डॉट ३ असेल तर डॉट ४ टाकलेलं बहुतेक गाड्यांत चालतं, पण डॉट ४ च्या जागी डॉट ३ टाकू नका. डॉट ५ मात्र वेगळ्याच घरचं आहे. ते सिलिकॉनचं, रंगाने जांभळं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत त्याचं काम नाही. ५ आणि ५.१ या नावांनी भल्याभल्यांचा गोंधळ झालाय. दुकानात बाटली हातात घेऊन स्वतः वाचा.

किती आणायचं? गेल्या वर्षीची अर्धी बाटली घरात आहे.

साध्या चारचाकीला एक लिटर पुरतं, थोडं उरतंही. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या, दुसरी लागली तरच फोडा. गेल्या वर्षीची फोडलेली बाटली विसरा. तिने अख्खा पावसाळा कपाटात काढलाय.

माझ्या गाडीला क्लच ऑइल असतं का?

सगळ्यांना नसतं. मारुती ८००, आल्टो अशा गाड्यांचा क्लच वायरवर चालतो, तिथे बदलायला काही नाही. हायड्रॉलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर बॉनेट उघडून ब्रेकची टाकी बघा. तिच्या बाजूने एक जादा रबरी नळी निघून गिअरबॉक्सच्या दिशेला जात असेल, तर ब्रेक आणि क्लच एकाच टाकीवर आहेत. ही नळी मुद्दाम जरा उंचावर बसवलेली असते. क्लच कुठे गळला तरी टाकीतलं फ्लुइड त्या छिद्राच्या पातळीपर्यंतच उतरतं, खालचं ब्रेकसाठी राखून राहतं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा योजलं त्याला माझा नमस्कार. काही गाड्यांना क्लचची वेगळी छोटी टाकी असते. दोन्हींत फ्लुइड मात्र तेच.

सामान काय काय लागेल?

जॅक, आणि त्याहून महत्त्वाचे जॅक स्टँड. गाडीखाली विटा रचू नका. वीट पिचते तेव्हा आधी सांगत नाही. निपलच्या (चाकापाशी फ्लुइड बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) मापाचा रिंग पाना (बहुधा ८ किंवा १० नंबर, फिक्स पान्याने निपलच्या कडा झिजतात). फिश टँकच्या दुकानात मिळणारी पारदर्शक हवेची नळी, ती बहुतेक निपलवर घट्ट बसते. पाण्याची रिकामी बाटली, मोठी सिरिंज, चिंध्या, हातमोजे, चष्मा आणि पाण्याने भरलेली बादली. बादली कशाला ते पुढे येतंय. शिवाय पेडलवर बसायला एक शांत डोक्याचा माणूस.

सुरुवात कोणत्या चाकापासून?

इथे परदेशी व्हिडिओ बघून बरेच जण चुकतात. नियम असा की मास्टर सिलेंडरपासून सर्वात लांबचं चाक आधी. त्यांच्याकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ते मागच्या उजव्या चाकापासून सुरू करतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, मास्टर सिलेंडर त्याच्यासमोर. म्हणून आपला क्रम साधारणपणे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत ब्रेकच्या लाइनी तिरप्या जोडलेल्या असतात आणि कंपनी वेगळा क्रम देते. मॅन्युअलमध्ये दिलेला असेल तर तोच पाळा.

प्रत्यक्ष काम कसं करायचं, जरा सविस्तर सांगाल?

सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड. इंजिन बंद. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक, मग स्टँड, मग चाक काढा.

आधी टाकी. झाकणाभोवतीची धूळ पुसून घ्या, नाहीतर ती आतच पडते. सिरिंजने जुनं फ्लुइड बरंचसं ओढून काढा, पण तळ उघडा पडू देऊ नका. वर नवं भरा. यामुळे टाकीतलं काळं फ्लुइड सगळ्या लाइनींमधून फिरवावं लागत नाही.

आता चाकापाशी. निपलवरची रबरी टोपी काढा, तारेच्या ब्रशने घासा, आधी पाना अडकवा आणि मग नळी खोचा. उलट केलंत तर नळी परत काढावी लागते, प्रत्येकाचं एकदा तरी होतं. नळीचं दुसरं टोक बाटलीत, तळाशी थोड्या फ्लुइडमध्ये बुडलेलं.

आमच्याकडे पेडलवर अण्णा बसतात, माझे वडील. दार उघडं, आवाज स्पष्ट.

"अण्णा, दाबा."

"दाबला."

मी निपल पाव फेरा सैल करतो. नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाची धार सरकते.

"खाली गेला रे."

"धरून ठेवा, सोडू नका." निपल बंद. "हं, सोडा आता."

एवढंच. दाबा, उघड, बंद, सोडा. निपल बंद होण्याआधी पाय सुटला तर हवा आत ओढली जाते, म्हणून सोडायचा हुकूम नेहमी चाकापाशी बसलेल्याचाच. अण्णा पहिल्या वर्षी मला विचारायचे, आता मलाच "झाला का बंद?" म्हणून दरडावतात.

पेडल सावकाश दाबायचं, धपाधप नाही, फेस होतो. आणि जुन्या गाडीत पेडल पार जमिनीपर्यंत नेऊ नका. रोजच्या वापरात मास्टर सिलेंडरचा सील जिथवर जातो, त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, कदाचित गंजलेला असतो. सील तिथे घासला तर फाटतो. पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवला की प्रश्न मिटला.

दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघा आणि भरा. धारेचा रंग बदलून बाटलीतल्या नव्या फ्लुइडसारखा फिका पिवळा झाला आणि बुडबुडे थांबले की ते चाक झालं. मागच्या डाव्याला सर्वात जास्त फ्लुइड लागतं, कारण लाइन लांब. पुढच्यांचं लवकर उरकतं. निपल घट्ट करताना मनगटाचा जोर पुरे. आतून पोकळ असतं ते, खांदा लावलात तर तुटून हातात येईल. शेवटी टोपी परत लावा, नाहीतर भोकात चिखल बसतो आणि पुढच्या वेळी तुम्हीच शिव्या घालता.

टाकी मध्येच रिकामी झाली तर?

हीच माझी फजिती. पहिल्याच वर्षी, तिसऱ्या चाकाला असताना खालच्या मजल्यावरचे काका गप्पा मारायला आले. विषय कुंभमेळ्याच्या वाहतुकीचा निघाला आणि टाकीकडे बघायचं राहिलं. अण्णा म्हणाले, "पेडल एकदम हलकं लागतंय." नळीत बघतो तर नुसता फेस.

टाकी कोरडी पडली की हवा थेट मास्टर सिलेंडरमध्ये जाते. टाकी भरून पहिल्या चाकापासून सगळं पुन्हा करावं लागतं. आमचे दोन तास गेले, दुसरी बाटलीही संपली, अण्णांचा गुडघा दुखायला लागला तो वेगळाच. तेव्हापासून बॉनेटवर खडूने मोठ्ठं "टाकी" लिहून ठेवतो. काका अजूनही येतात, आता टॉर्च त्यांच्याच हातात देतो.

निपल हलतच नाही. जोर लावू?

नको. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी निपलच्या डोक्यावर लहान हातोडीने हलक्या टिचक्या, मग पाना. आधी किंचित घट्टच्या दिशेला, मग सैल. तरी हटलं नाही तर गॅरेजला जा. निपल तुटलं तर कॅलिपर किंवा व्हील सिलेंडरच बदलायची पाळी येते. म्हणून टाकीतलं काढायच्याही आधी चारही निपल फिरतात का हे बघून घ्यावं.

मदतीला कुणीच नाही. एकट्याने होईल?

होईल, वेळ लागेल. टाकीचं झाकण सैल ठेवून निपल उघडं सोडलं की फ्लुइड आपल्या वजनानेच थेंब थेंब उतरतं. तोवर तुम्ही टाकी भरत बसायचं. हाताचा व्हॅक्यूम पंपही मिळतो, पण त्यात निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाऊन नळीत बुडबुडे दिसतच राहतात. लाइनमध्ये हवा नसतानाही माणूस तासभर पंप मारत बसतो. शेजारच्या मुलाला आइस्क्रीम कबूल करून पेडलवर बसवणं त्याहून सोपं.

क्लचचं वेगळं काही?

निपल गिअरबॉक्सजवळ असतं, कधी एअर फिल्टरचा डबा काढल्याशिवाय हातच पोचत नाही. काम तेच, दाबा-उघड-बंद-सोडा. फरक असा की क्लचचं पेडल खाली गेलं की बहुधा तिथेच पडून राहतं. घाबरायचं नाही, पायाच्या बोटाने किंवा हाताने वर ओढायचं. ब्रेकची चारही चाकं झाल्यावर मी क्लच घेतो. फ्लुइड थोडंच लागतं, पण त्याचा काळेपणा बघून धक्का बसतो.

द्वारका चौकाच्या गर्दीत पहिला गिअर पडायला कुरकुर करतो, रिव्हर्स खरखरतो, दोनदा पेडल मारलं की मग नीट पडतो, ही हवेची किंवा गळतीची लक्षणं. फ्लुइड बदलण्याआधी ड्रायव्हरच्या पायापाशी वाकून पेडलच्या दांड्याच्या मुळाशी बोट फिरवा. ओलं लागलं तर क्लचचा मास्टर सिलेंडर गेलाय आणि नवं फ्लुइडही तिथूनच बाहेर येणार.

एबीएस असलेल्या गाडीचं घरी करता येतं?

नेहमीची बदली करता येते, टाकी कोरडी पडू दिली नाही तर. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर मात्र स्कॅनर लावून त्याचा पंप चालवावा लागतो. तिथे घरचं काम थांबलं.

झालं. आता नीट झालंय हे कसं कळणार?

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. प्रत्येक वेळी एकाच उंचीवर कडक लागलं पाहिजे. मग दाबून धरा आणि तीसपर्यंत मोजा. हळूहळू खाली सरकत असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलेंडर आतून सोडतोय. पेडल दाबलेलं ठेवूनच इंजिन सुरू करा, ते थोडं खाली जाईल. हे बरोबर आहे, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) जागा झाला. स्पंजसारखं लागलं तर हवा राहिलीय, पुन्हा मागच्या डाव्यापासून.

चारही निपल कोरड्या चिंधीने पुसून बघा. चाकाचे नट आवळलेत ना? मग पार्किंगमध्येच चालत्या माणसाच्या वेगाने दोनदा थांबवून बघा. त्यानंतर रविवारी सकाळी गंगापूर धरणाकडचा रिकामा रस्ता. मुंबई नाक्यावर पहिली चाचणी घेऊ नका.

फ्लुइड रंगावर सांडलं!

बादली याचसाठी. लगेच भरपूर पाणी ओता, आधी फडक्याने रगडू नका. हे फ्लुइड रंग सोलून काढतं. हाताला लागलं तर साबणाने धुवा.

पातळी खाली गेली की वरून भरत राहायचं का?

पॅड झिजले की पिस्टन पुढे येतात आणि पातळी सावकाश खाली जाते, हे साहजिक आहे. म्हणून आधी पॅड बघा. दर वेळी भरत राहिलात, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की फ्लुइड टाकीतून वर येऊन इंजिनवर सांडतं. पातळी झटकन खाली आली तर ती गळती. चाकाची आतली बाजू तपासा आणि ती सापडेपर्यंत गाडी काढू नका.

कधी घरी करू नये?

वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरलाच द्या, नोंद राहते. ब्रेकचा लाल दिवा लागलेला, पेडल खाली जाणारं, लाइन गंजलेली, तर ही फ्लुइडची नाही, दुरुस्तीची गोष्ट आहे. आणि धो धो पावसात करू नका. मी होळीनंतर, चैत्रातल्या गडाच्या यात्रेआधी उरकतो. हवा कोरडी असते आणि अण्णांना गडावर जायचंच असतं.

निघालेलं जुनं फ्लुइड कुठे टाकायचं?

गटारात नाही. आमच्या भागातलं गटार नंदिनीत जातं आणि नंदिनी गोदावरीत. झाकण घट्ट लावून बाटलीवर "जुनं ब्रेक फ्लुइड" असं ठळक लिहा, इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारून त्याच्याकडे द्या, टाकाऊ द्रव्यं उचलणारे लोक त्यांच्याकडे येतात. तोवर बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पाण्याची बाटली वापरली असेल तर वरचं लेबल आधी फाडा. आमच्याकडे एकदा ती वॉचमनच्या टेबलावर जाऊन बसली होती, झाकण उघडण्याआधी त्याने वास घेतला म्हणून निभावलं.